फ्रिजच्या दारातली ट्यूब

इसब असलेल्या घरातल्या फ्रिजचं दार उघडलं की सॉसच्या जास्तीच्या पुड्या, डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली आणि त्यामागे आडवी पडलेली दहा ग्रॅमची एक ट्यूब दिसते. टॅक्रोलिमस, इसबावरचं स्टेरॉइड नसलेलं मलम. तोंडाशी एकदाच दाबल्याची खूण, बाकी पोट भरलेलं. "गार ठेवा, कमी झोंबेल," असं डॉक्टर म्हणाले म्हणून ती तिथे गेली, आणि तरीही झोंबली म्हणून तिथेच राहिली. स्टेरॉइडची ट्यूब मात्र आरशापाशी, कंगव्याच्या शेजारी, शेपटीकडून गुंडाळत गुंडाळत तोंडापर्यंत आलेली.

ठाण्याचं नौपाडा असो की नवी मुंबईचं नेरूळ, चित्र हेच. बिगर-स्टेरॉइड मलमांची जी बदनामी आहे, तिचा बराचसा भाग या फ्रिजच्या दारात तयार होतो. तीन दिवस लावून सोडलेलं औषध 'लागू पडलं नाही' म्हणून कायमचं बाद होतं.

तुलना मुळात विषम आहे. स्टेरॉइड रात्री लावलं की सकाळी लाली उतरलेली दिसते, कारण ते रक्तवाहिन्या आकसवतं आणि दाहाच्या अनेक वाटा एकदम बंद करतं. एवढा चटकन गुण आला की माणूस दुसऱ्या कशाची वाट बघत नाही. पण तेच स्टेरॉइड त्याच जागी महिनोन्‌महिने चोळलं की कातडी सिगारेटच्या कागदासारखी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, काखेत आणि जांघेत ताणाचे पट्टे उमटतात. हे पट्टे नंतर पुसट होतात, पण पूर्ण जात नाहीत. चेहऱ्यावर पुरळ येतं, लव वाढते, आणि बंद केलं की दोन-चार दिवसांत असा भडका उडतो की माणूस घाबरून पुन्हा तीच ट्यूब उघडतो.

म्हणून स्टेरॉइडला खलनायक ठरवायचं कारण नाही. योग्य ताकदीचं, योग्य जागी आणि मोजक्या दिवसांपुरतं वापरलं तर ते आजही इसबावरचं पहिलं आणि चांगलं औषध आहे. माझा राग आहे तो पंचमेळ क्रीमवर. काउंटरवर "खाजेचं काहीतरी द्या" म्हटलं की पुढे सरकवली जाणारी ती ट्यूब: क्लोबेटासॉलसारखं जहाल स्टेरॉइड, त्यात एक-दोन अँटिबायोटिक आणि वर बुरशीनाशक. दुकानदाराला निदान करावं लागत नाही, गिऱ्हाइकाला तासाभरात बरं वाटतं. २०१८ साली केंद्र सरकारने त्वचेवर लावायची बरीच स्टेरॉइडं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती द्यायची नाहीत. चिठ्ठी किती ठिकाणी मागितली जाते, हे ज्याने त्याने आपल्या नाक्यावर बघावं.

या मिसळीचा आणखी एक उपद्रव आहे. गजकर्णावर ती लावली की लाली आणि खाज बसते, पण बुरशी खालून पसरतच राहते. कडा पुसट होतात, मूळ गोल आकार हरवतो, आणि नंतर तपासणाऱ्याला ते इसबासारखं भासतं. इथे टॅक्रोलिमसही उपयोगाचं नाही, कारण तेही त्या जागेची प्रतिकारशक्ती दाबतं. तेव्हा चट्टा जर कडेने पुढे सरकत असेल आणि मधे साफ होत असेल, घरात आणखी कुणाला तसंच काही असेल, तर आधी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याची साधी तपासणी करून घ्यावी. मलम कुठलं, हा प्रश्न त्यानंतरचा.

टॅक्रोलिमसची जन्मकथा मला आवडते. १९८४ साली जपानमधल्या त्सुकुबा डोंगराच्या पायथ्याच्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून ते मिळालं. नावातला 'ट' त्या त्सुकुबाचा. पहिलं काम मोठं होतं: यकृत आणि मूत्रपिंडाचं रोपण झालेल्या रुग्णांचं शरीर तो परका अवयव नाकारू नये म्हणून तोंडाने द्यायचं औषध. मलम म्हणून अमेरिकेत त्याला डिसेंबर २००० मध्ये मंजुरी मिळाली, आणि वर्षभरात पिमेक्रोलिमस हे त्याचं भावंड आलं. दोघांचं काम एकच. दाह पेटवणाऱ्या टी-पेशींमध्ये कॅल्सिन्युरिन नावाचं एक विकर (एन्झाइम) असतं. ते चालू झालं की पेशी इतरांना बोलावणारे रासायनिक निरोप धाडते. ही मलमं ते विकर अडवतात. त्वचेचा आधार असलेलं कोलॅजन बनण्याची प्रक्रिया ती थांबवत नाहीत, म्हणून कातडी पातळ होत नाही.

यात एक गंमत आहे. टॅक्रोलिमसचा रेणू बराच मोठा, ८०० डाल्टनच्या वर (डाल्टन हे रेणूचं वजन मोजायचं एकक). धडधाकट त्वचेतून एवढा रेणू सहज आत शिरत नाही. इसबाने फाटलेल्या, भेगाळलेल्या त्वचेतून मात्र शिरतो. त्वचा जसजशी बरी होते तसतसं दार आपोआप लोटलं जातं आणि औषध आत जाणं कमी होतं. रक्तात ते फारसं सापडत नाही याचं हे एक मोठं कारण. तळहात-तळपायाच्या जाड कातडीवर किंवा वर्षानुवर्षं खाजवून चामड्यासारख्या झालेल्या घोट्यावर ते एकटं फिकं का पडतं, याचंही कारण हेच.

आता झोंबण्याबद्दल, कारण सगळं तिथेच अडतं.

मलम लावल्यावर पाच-दहा मिनिटांत जागा भगभगायला लागते. कुणाला मिरचीचा हात लागल्यासारखं वाटतं, कुणाला नुसतं गरम. पंधरा मिनिटं ते तासभर टिकतं. ही ॲलर्जी नसते. त्वचेतल्या मज्जातंतूंच्या टोकांशी खाज आणि आग पोचवणारी जी रसायनं साठलेली असतात, ती हे औषध सुरुवातीला बाहेर काढायला लावतं. साठा रोज थोडा रिकामा होतो, त्वचाही मिटत जाते, आणि तीन ते सात दिवसांत आग उतरते. बहुतेक लोक तिसऱ्या दिवशी सोडतात. अगदी काठावर येऊन.

झोंबणं कमी करण्याचे उपाय साधे आहेत, पण नीट करावे लागतात. अंघोळीनंतर लगेच लावू नये. ओलसर आणि गरम त्वचेवर ते दुप्पट झोंबतं. टॉवेलने टिपून दहा-पंधरा मिनिटं पंख्याखाली बसावं, मग लावावं. ट्यूब फ्रिजमध्ये असावी, पण फ्रीझरमध्ये नव्हे. लावून लगेच उन्हात किंवा गर्दीच्या लोकलमध्ये जाऊ नये, घाम आला की आग पुन्हा जागी होते. म्हणून रात्री जेवणानंतरची वेळ बरी. जागा फार लाल, ओली आणि ओरखडलेली असेल तर डॉक्टर बहुधा आधी तीन-चार दिवस सौम्य स्टेरॉइड देतात आणि लाली बसल्यावर टॅक्रोलिमसवर आणतात. ही पायरी चुकवली की पहिलीच रात्र इतकी वाईट जाते की दुसरी येत नाही. आणि सगळीकडे एकदम सुरुवात करू नये. एका कोपराच्या लवणीपासून सुरू करावं, तिथे निभावलं की पुढे.

एक सूचना चिठ्ठीवर क्वचितच लिहिलेली असते: चेहऱ्याला हे मलम लावत असताना दारू घेतली तर काही जणांचा चेहरा काही मिनिटांत लालबुंद होतो. धोकादायक नाही, पण शनिवारी रात्री मित्रांसमोर घाबरगुंडी उडवायला पुरेसं आहे.

मात्रा किती, तर मराठीत याला तयार माप आहे: पेर. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या रेघेपर्यंत, म्हणजे टोकाच्या पेरावर, पाच मिलिमीटर तोंडाच्या ट्यूबमधून काढलेली मलमाची रेघ. ती साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. दोन्ही कोपरांच्या लवणींना मिळून एक पेर, दोन्ही गुडघ्यांमागे मिळून आणखी एक. एका वेळेला एक ग्रॅम, दिवसातून दोनदा म्हणजे दोन ग्रॅम. दहा ग्रॅमची ट्यूब पाच दिवसांत संपायला हवी. ती जर तीन महिने पुरत असेल, तर औषध लावलं जात नाही, दाखवलं जातं आहे. संपूर्ण चेहरा आणि मान मिळून अडीच पेरं लागतात. पापण्यांना मात्र मुगाच्या डाळीएवढं पुरतं; डोळ्यांत जाऊ न देता, कडेपासून थोडं वर.

ताकदीही दोन आहेत. ०.०३ टक्के हे दोन ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी, ०.१ टक्के सोळा वर्षांपुढच्यांसाठी. वडिलांची ट्यूब मुलाला लावणं हा आपल्याकडचा जुना काटकसरीपणा इथे नको. पिमेक्रोलिमस एक टक्का क्रीमच्या रूपात येतं, हलकं असतं, कमी झोंबतं आणि कमी ताकदीचंही असतं. चेहऱ्यावरच्या सौम्य इसबाला ते पुरतं. टॅक्रोलिमसचा आधार व्हॅसलीनच्या जातीचा, त्यात पाणी नाही. जुलैत ठाण्याच्या दमट हवेत ते अंगाला चिकट बसतं, लवणीत घाम कोंडतो, आणि लोक वैतागतात. अशा वेळी थर पातळ ठेवायचा, जादा टिपून घ्यायचं, पण खाडा करायचा नाही. डिसेंबरात उत्तरेचं कोरडं वारं सुटलं की हाच चिकटपणा बरा वाटतो. ऐरोलीच्या ऑफिसात दिवसभर एसीखाली बसणाऱ्यांना तो डिसेंबर बाराही महिने असतो.

ही मलमं खरी शोभतात ती पापण्या, ओठांभोवती, मान, काखा, जांघा अशा नाजूक जागी, जिथे स्टेरॉइड फार दिवस चालवता येत नाही. आणि दुसरं म्हणजे इसब बसल्यावर. हे दुसरं काम आपल्याकडे जवळजवळ कुणी करत नाही. डोळ्यांना साफ दिसणाऱ्या जुन्या जागेत आतून दाह धुमसत असतो. तिथे आठवड्यातून दोनदा, मधे दोन-तीन दिवसांचं अंतर ठेवून मलम लावत राहिलं तर पुढचा भडका लांबतो, कमी वेळा येतो. सोमवार आणि गुरुवार ठरवून टाकावेत. उपासाचे वार लक्षात राहतात तसे हेही राहतात. वर्षभराने डॉक्टरांनी पुन्हा बघून पुढचं ठरवायचं. उलट बाजूने, रोज दोनदा नीट लावूनही सहा आठवड्यांत फरक नसेल तर ट्यूब बदलण्याआधी रोगाचं निदान बरोबर आहे का ते तपासायला हवं.

खोक्यातला कागद वाचणारी माणसं इथे थांबतात, कारण त्यावर कर्करोगाचा उल्लेख असतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ साली सावधगिरीची सूचना काढली आणि २००६ साली ती चौकटीत छापायला लावली. आधार होता तोंडाने मोठ्या मात्रेत औषध घेणाऱ्या रोपणाच्या रुग्णांचा, प्राण्यांवरच्या प्रयोगांचा आणि थोड्या सुट्या नोंदींचा. त्यानंतर टॅक्रोलिमस मलम वापरलेल्या जवळजवळ ८,००० मुलांवर दहा वर्षांपर्यंत लक्ष ठेवलं गेलं. कर्करोगाचं प्रमाण सर्वसाधारण मुलांमध्ये अपेक्षित असतं त्याहून जास्त आढळलं नाही. भीती उगाच नव्हती, पण तिचं वजन आता कमी झालं आहे. मला खटकतं ते हे की चौकट बघून टॅक्रोलिमस टाकणारी व्यक्ती त्याच हाताने काउंटरवरचं पंचमेळ क्रीम उचलते, ज्याच्या खोक्यावर एका गोऱ्यापान चेहऱ्याखेरीज काही नसतं.

काही नियम मात्र पाळायचेच. जागेवर मधाच्या रंगाच्या खपल्या धरल्या, लस गळू लागली, तर तो जंतुसंसर्ग. आधी तो आवरायचा. एकसारख्या आकाराचे, टोचून काढल्यासारखे बारीक खड्डे किंवा फोड झपाट्याने पसरले, दुखू लागले, ताप आला, तर ती नागिणीच्या जातीच्या विषाणूची लागण असू शकते. तेव्हा मलम बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर. उघड्या अंगाला लावलं असेल तर दुपारचं ऊन टाळायचं. गरोदरपण असेल तर आधी सांगायचं.

टॅक्रोलिमस आणि पिमेक्रोलिमस या दोघांपलीकडे आता बरीच मंडळी आली आहेत. क्रिसाबोरोल दोन टक्के, ज्याच्या रेणूच्या गाभ्यात बोरॉन आहे, ते पेशीतलं फॉस्फोडायएस्टरेज-४ हे विकर अडवतं. अमेरिकेत २०१६ अखेर मंजूर झालं, २०२० पासून तीन महिन्यांच्या बाळापर्यंत. आपल्याकडेही मिळतं. अपेक्षा मात्र बेताची ठेवावी: मंजुरीच्या एका चाचणीत चार आठवड्यांनी शंभरातल्या सुमारे ३३ जणांची त्वचा किमान दोन पायऱ्यांनी सुधारून साफ किंवा जवळपास साफ झाली, आणि औषध नसलेलं नुसतं मलम लावणाऱ्यांत २५ जणांची. झोंबतं तेही. त्या आकड्यांत मला औषधापेक्षा त्या २५ जणांची गोष्ट जास्त बोलकी वाटते, तिच्याकडे पुढे येतो. रुक्सोलिटिनिब दीड टक्का क्रीम २०२१ मध्ये आलं. ते पेशीतली जॅक नावाची विकरं अडवणाऱ्या गटातलं, खाज फार लवकर बसवतं, आणि चाचण्यांत आठ आठवड्यांत निम्म्या रुग्णांना तेवढा गुण देऊन गेलं. पण अंगाच्या २० टक्क्यांहून जास्त जागेवर नाही, आठवड्याला ६० ग्रॅमपलीकडे नाही, आणि इशारा त्याच्याही खोक्यावर आहे. रोफ्लुमिलास्टचं क्रीम दिवसातून एकदाच लावायचं. इसबासाठी अमेरिकेत २०२४ मध्ये मंजूर.

आणि टॅपिनारोफ. याचं मूळ अंधारात चमकणाऱ्या एका जिवाणूत, जो जमिनीतल्या सूक्ष्म कृमींच्या पोटात राहतो. हे त्वचेच्या पेशींतल्या ज्या ग्राहीला (रिसेप्टरला) जाऊन भिडतं, त्याच ग्राहीला डांबरही भिडतं. इसबाला कोळशाचं डांबर लावायचा जुना उपाय, वासामुळे आणि कपड्यांवरच्या डागांमुळे सगळ्यांनी नाक मुरडलेला, नेमका याच वाटेने काम करत होता.

आता ते २५ जण. नुसता औषधविरहित मलमाचा थर, दिवसातून दोनदा, नेमाने, आणि चौघांतला एक साफ किंवा जवळपास साफ. म्हणजे स्निग्धता हेच पहिलं बिगर-स्टेरॉइड औषध. पण त्याचीही मात्रा आपण लाजत लाजत घेतो. अंगभर कोरडा इसब असलेल्या मोठ्या माणसाला आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम मॉइश्चरायझर लागतं, मुलाला त्याच्या निम्मं. महागड्या बाटलीने हे परवडत नाही. साधं पांढरं व्हॅसलीन किंवा वास नसलेलं जाड क्रीम मोठ्या डब्यात घ्यावं. अंघोळ कोमट पाण्याने, पाच-दहा मिनिटांत, साबण फक्त काखा-जांघा-पायांना, आणि टिपल्यावर तीन मिनिटांच्या आत क्रीम. टॅक्रोलिमस असेल त्या जागी मात्र क्रीम आणि औषध यांत अंतर हवं. युरोपातलं माहितीपत्रक दोन तास सांगतं. म्हणून सकाळी अंघोळीनंतर लवणी सोडून अंगभर क्रीम आणि त्वचा सुकल्यावर, घराबाहेर पडण्याच्या बऱ्याच आधी, लवणींत औषध, रात्री आधी औषध आणि दोन तासांनी झोपताना क्रीम, अशी बसवणूक जमते.

तेलांबद्दल बोलायचं तर खोबरेल चालतं, मोहरीचं आणि ऑलिव्हचं नको. ही दोन्ही त्वचेचा बांध सैल करतात. दिवाळीचं उटणं इसबाच्या अंगाला घासू नये, नुसता टिळा लावून अभ्यंगाचं पुण्य घ्यावं. घोडबंदर रोडच्या सोसायट्यांत टँकर आणि बोअरचं जड पाणी येतं म्हणून इसब वाढतो अशी तक्रार असते. जड पाण्यात साबणाचा साका अंगावर जास्त बसतो हे खरं, पण नळाला महागडं यंत्र बसवण्याआधी एवढं लक्षात घ्यावं की इंग्लंडमध्ये ३३६ मुलांवर १२ आठवडे पाणी मऊ करणारी यंत्रं वापरून पाहिली आणि इसबात फरक पडला नाही. तेच पैसे व्हॅसलीनला लावावेत. एक खरीखुरी जोखीम मात्र कुणी सांगत नाही: ही स्निग्ध मलमं मुरलेले कपडे आणि चादरी झटकन पेट घेतात, आणि धुऊनही त्यांतला स्निग्धांश पूर्ण निघत नाही. देवघरातल्या निरांजनापाशी, गॅसच्या शेगडीपाशी वावरताना सैल ओढणी आणि पदर सांभाळावा.

शेवटी हाताचा इसब, कारण तिथे कुठलीच ट्यूब एकटी पुरत नाही. तळहाताची कातडी जाड, औषध आत जाईना, आणि कारण रोज हाताखाली. तुर्भ्याच्या बाजारात कांदा-लसूण हाताळणारे, घरोघरी भांडी घासणाऱ्या मावश्या, रोज दोन वेळा कणीक मळणारे हात. लसणाचा इसब तर ओळखता येतो: उजव्या हाताने सुरी धरणाऱ्याच्या डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, एवढ्यांचीच टोकं कोरडी पडतात, चिरतात, सोलतात, कारण पाकळी त्यांनीच धरलेली असते. लसणातलं ते द्रव्य साध्या रबरी हातमोज्यातूनही आरपार जातं. डॉक्टरांकडे जाताना बोटं दाखवण्याआधी लसूण कसा धरता ते करून दाखवावं. आणि घरात सोलायचं काम काही आठवडे दुसऱ्या कुणाकडे तरी द्यावं.